ओली पत्ती

नातीने सॅक्सोफोन वाजवण्याआधी त्याची वेताची पत्ती भिजवायला तोंडात धरली आणि मला कंपूतली, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्करी छावणीतली, ती सकाळ आठवली.

माझे बाबा ग्वाल्हेर संस्थानच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, वाद्यं परत मागवली. बाबा मला घेऊन गेले. जमा करण्याआधी एकदा वाजवावं म्हणून त्यांनी पत्ती तोंडात धरली होती.

"बजाना नहीं है, मास्टरजी. बस, रख दीजिए," कारकून म्हणाला.

बाबांनी क्लॅरिनेट ढिगावर ठेवलं.

घरापर्यंत मी त्यांचं बोट धरून बडबडत होते; ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, माझ्यावरच चिडलेत.

दारात त्यांनी तोंडातली पत्ती काढून माझ्या हातावर ठेवली.

"भिजली बघ," म्हणाले. "आता छान वाजेल."