रविवारचा ग्रुप

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या बाईंचा नवरा आठवतो. रविवारी दिवेलागणीला तो पोलीस ठाण्यात आला आणि ठाणे अंमलदाराला म्हणाला, "बायको फिरायला गेली होती, अजून आली नाही." आवाजात भीती कमी आणि संकोच जास्त होता.

मी तेव्हा डोंबिवलीत सहायक निरीक्षक होतो. माणूस कोपरला राहणारा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरी सून. बाईंचं वय पंचावन्नच्या आसपास. दोन वर्षं त्या दर रविवारी बायकांच्या एका ग्रुपबरोबर डोंगरात फिरायला जात. अवघड ट्रेक नव्हे, लहान मुलांनाही चालता येईल अशा सोप्या वाटा. त्या दिवशी येऊरला जाते म्हणून सांगून सकाळी निघाल्या. एरवी दुपारपर्यंत परत यायच्या. बरोबर बायका आहेत म्हणून घरच्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली.

मिसिंगची नोंद घ्यायला मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. अंगावर कपडे कोणते होते? त्याने पाहिलं नव्हतं. औषधं काही चालू आहेत का? एक गोळी घेते, कसली ते सून सांगेल. मग मैत्रिणींची नावं विचारली आणि माणूस एकदम खुलला. चौघींची नावं त्याने घडाघडा सांगितली. एकीचे गुडघे दुखतात म्हणून सगळ्या हळू चालतात. एकीच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. एक फार बडबडी. चौथी थालीपिठाचा डबा उघडला की सगळ्यात आधी हात पुढे करते. मी सगळं लिहून घेतलं. पत्ता किंवा फोन नंबर मात्र एकीचाही त्याच्याकडे नव्हता.

बाई मोबाईल घरीच ठेवून जात, डोंगरात रेंज नसते म्हणून. सुनेने तो आणून दिला. आमच्या महिला हवालदाराने बसून पूर्ण तपासला. असा कुठला ग्रुप नव्हता, त्या नावांचा एकही नंबर नव्हता, एक फोटोही नव्हता. दोन वर्षं एकत्र फिरणाऱ्या बायकांचा एक फोटो नाही, हे तिला पटेना. वरिष्ठांना कळवलं. ते म्हणाले, "ग्रुप नवऱ्याने रचलाय. बसव त्याला."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्याला आतल्या खोलीत घेतलं आणि तेच प्रश्न उलटसुलट करून विचारत राहिलो. भांडण झालं होतं का? शेवटचं बोलणं काय झालं? तो म्हणाला, "चहा ठेवते म्हणाली. पण ते शनिवारचं असेल." मी टेबलावर हात आपटला. तो चिडला नाही, घाबरलाही नाही.

"साहेब, मी त्यांना कधी बघितलं नाही," तो म्हणाला. "पण त्या आहेत. ती दर रविवारी जेवताना त्यांचं सांगते."

खोटं बोलणारा माणूस दाबला की तपशील वाढवत जातो. हा एवढं बोलून थांबला. तेव्हा पहिल्यांदा शंका आली की खोटं याचं नसावं.

येऊरच्या बाजूला वायरलेसवर कळवलं होतं, तिथे त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. सोमवारी उजाडताच मी हवालदाराला त्यांच्या घराजवळच्या रिक्षा स्टँडवर फोटो घेऊन पाठवलं. एका रिक्षावाल्याने लगेच ओळखलं. या काकूंना तो दर रविवारी मलंगगड रोडला एका गावाच्या फाट्यावर सोडायचा. येऊरला कधीच नाही. बरोबर कोणी नसायचं.

हद्द दुसऱ्या पोलीस ठाण्याची होती. त्यांना कळवून आम्ही निघालो. गावामागून टेकडीला वळसा घालत एक पाऊलवाट छोट्या बंधाऱ्यापर्यंत जाते. रविवारी तिथे कुटुंबं डबे आणि चटया घेऊन येतात. सोमवारी वाटेवर चिटपाखरू नव्हतं. वाटेच्या तोंडाशी घर असलेली एक आगरी बाई रविवारी तिथे आवळे आणि उकडलेल्या शेंगा विकते. तिला फोटो दाखवला.

"त्या बाय? त्या तं एकल्याच येतान," ती म्हणाली. "थालीपिठां आनतान, ती आमालाच देतान."

बाई बंधाऱ्याच्या वर ओढ्याकाठी एका मोठ्या दगडावर जाऊन बसतात, असं तिने सांगितलं. तिथून खालची सगळी माणसं दिसतात. काल तिने दुपारीच दुकान आवरलं, त्यामुळे त्या उतरल्या की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

बाई त्या दगडाखालच्या घळीत सापडल्या. घोटा मोडला होता, रात्रभराच्या थंडीने ओठ काळे पडले होते, पण शुद्ध होती. पाणी पाजलं. मदतीला ओरडला नाहीत का, असं मी विचारलं.

"ओरडले," त्या म्हणाल्या. "खाली कुणीतरी स्पीकर लावला होता."

स्ट्रेचर येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. सोसायटीतल्या बायकांनी त्यांना एकदा फिरायला नेलं होतं. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांसाठी थालीपिठं घेऊन गेटवर उभ्या राहिल्या. कोणी आलं नाही. बायका लवकरच निघून गेल्याचं वॉचमनने सांगितलं. परत वर जाऊन सुनेला काय सांगायचं, म्हणून समोर आलेल्या रिक्षात बसल्या. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं झालं. सोसायटीतल्या नव्हे, दुसऱ्याच बायका भेटल्या, मजा आली, म्हणाल्या. त्याने आणखी विचारलं. "एवढं त्यांनी कधीच विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मग दर रविवारी काहीतरी सांगावं लागलं.

हॉस्पिटलच्या दारात नवरा मला आडवा आला. त्याला त्या चौघींविरुद्ध तक्रार द्यायची होती. जखमी बाईला टाकून गेल्याच कशा, म्हणून. बाई आत जबाब देऊन चुकल्या होत्या, सगळं खरं सांगितलं होतं. ते मी त्याला सांगू शकलो असतो. मी एवढंच म्हणालो की आत जाऊन तिच्याशी बोला, तक्रारीचं नंतर बघू. तो आत गेला. पुन्हा तक्रारीचं नाव काढलं नाही.

मिसिंग निकाली निघाली. नोंदवहीत अशा केसपुढे 'मिळून आली' एवढेच शब्द लिहितात. त्यानंतरच्या नोकरीत मी ते अनेकदा लिहिले आणि दर वेळी हात थोडा थांबला. माणूस कुठे गेला याचा शोध घ्यायला आम्हाला शिकवलं होतं, आणि ते काम आम्ही बऱ्यापैकी करायचो. तो घरी असताना कुठे होता, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नसतं. निवृत्त झाल्यावर, घरात एकटा राहू लागल्यावर, ते मला नीट कळलं.

त्या घटनेनंतर तीनेक महिन्यांनी एका कागदावर सही राहिली म्हणून बाईंना बोलावलं होतं. किंचित लंगडत आल्या. अजून जाता का फिरायला, मी सहज विचारलं.

"नाही. घरचे एकटीला सोडत नाहीत. सगळे काळजी घेतात, साहेब," त्या म्हणाल्या. "रविवारी जेवताना बोलायला आता काही नसतं."

मी पेन पुढे केलं आणि सही कुठे करायची ती जागा दाखवली.