असाहेल ग्रिडलीचा कवितेचा कोपरा

असाहेल ग्रिडलीला हसू आवरत नसे, ही त्याची लहानपणापासूनची खोड. बाप पिंपं बनवणारा, तोलूनमापून बोलणारा माणूस. प्रार्थनाघरात उपदेश रंगात आलेला असताना एखाद्या टकलावर माशी बसली की पोराला उकळी फुटायची आणि घरी गेल्यावर पाठ सडकून निघायची. पुढे तो कनेक्टिकट नदीकाठच्या वेदरबी गावात छापखान्यात खिळे जुळवायला लागला. मालकाला कवितेचा भारी कंटाळा. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर कवितेचा कोपरा असायचा, तो त्यानं असाहेलच्या गळ्यात बांधला. अशा रीतीनं असाहेल संपादक झाला.

वेदरबीत कुणी गेलं की आठवड्याच्या आत त्याच्यावर शोकगीत यायचं. बैल मेला तरी यायचं. असाहेल बहुतेक नाकारायचा, पण नकारही यमक जुळवून छापायचा. जेडिडाया स्टाइल्स नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या बैलावर चांगली लांबलचक कविता धाडली, तेव्हा त्यानं लिहिलं:

बैल गेला, वाईट झालं; कविता मात्र फारच जड,
ओढायाला बैलच हवा, आमचं नाही एवढं धड.

जेडिडाया काही दिवस घुश्शात होता. मग खानावळीत तोच त्या ओळी सगळ्यांना म्हणून दाखवायला लागला. लोक उत्तराच्या लोभानं मुद्दाम वाईट कविता पाठवू लागले.

एका हिवाळ्यात ‘सूत कातणारी’ अशा सहीनं चार ओळी आल्या. दुसऱ्यांच्या कविता लंगड्या म्हणणाऱ्या संपादकाची स्वतःची यमकं कुबड्या घेऊन चालतात, असा त्यांचा मथितार्थ. असाहेल एकटाच खो खो हसला. त्यानं त्या छापल्या, खाली आपलं उत्तर जोडलं. पुढच्या अंकाला तिचं प्रत्युत्तर हजर. मग हे चालूच राहिलं. गावात दोन तट पडले. कुणी म्हणे, हा मास्तरांचा चावटपणा. कुणी पाद्रीबाईंचं नाव घेई. असाहेलला मात्र जेवणाची वासना उरली नव्हती. बिनचेहऱ्याच्या बाईवर जीव जडल्याचं सांगावं तरी कुणाला?

शरद ऋतूत डीकन ओबाडाया लूमिस यांच्या कोठारात मक्याची कणसं सोलायला सगळा गाव जमला. डीकन म्हणजे प्रार्थनाघराचे कारभारी; त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. सफरचंदाच्या दारूचे, म्हणजे सायडरचे, पेले फिरत होते. ज्याला लाल कणीस सापडेल त्यानं हव्या त्या मुलीचा मुका घ्यायचा, ही रीत. ते निघालं नेमकं असाहेलच्या हातात. मुली खिदळत पळाल्या. असाहेल कानापर्यंत लाल झाला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं:

कणीस निघालं लाल माझं, पोरी पळाल्या दारापाशी,
शाईचे हे ओठ घेऊन जाऊ आता कोणापाशी?

कणसांच्या ढिगामागून शांत आवाज आला:

शाई जाते राखेनंही, धुऊन ये जा विहिरीपाशी,
यमक तेवढं लंगडं तुझं, ते सुधारशील कोणापाशी?

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. ढिगामागे डीकनांची धाकटी बहीण थँकफुल बसली होती. चारचौघांत तिच्या तोंडून कधी शब्द फुटत नसे.

डीकन उठले. “थँकफुल, ते सगळं तू लिहीत होतीस? डीकनच्या घरची बाई वर्तमानपत्रात थट्टा करते?”

“हो, दादा,” ती म्हणाली. “आणि तू अंक आला की आधी तोच कोपरा उघडतोस. हसू दाबायला इतका खोकतोस, की मला वाटलं तुला दमाच जडला.”

डीकनांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आला तो खोकला. मग खोकल्यातून काहीतरी वेगळंच फुटलं. डीकन कणसांवर बसून, डोळे पुसत पुसत हसले, आणि त्यांच्यामागून सगळं कोठार.

असाहेल कणीस हातात धरून तसाच उभा होता. थँकफुलच त्याच्याजवळ आली. “रीत आहे ना? मग उशीर कसला?”

बर्फ वितळायच्या आत त्यांचं लग्न झालं. मग दोघांनी गावोगावच्या कवितांचं पुस्तक काढायचं ठरवलं. हार्टफर्डचा पुस्तकविक्या म्हणाला, “कविता लंडनहून येते, गलबतातून. आपण पाठवायचे ते खारे मासे.” तेव्हा पुस्तक त्यांनी घरीच छापलं. निवड तो करी, कात्री ती चालवी, आणि कात्रीवरून रोज कडाक्याचं भांडण होई. जेडिडायाच्या बैलाच्या तिनं आठ ओळी ठेवल्या. त्या वाचून असाहेलच्या डोळ्यांत पाणी आलं. “जड नव्हती गं ती,” तो म्हणाला, “मलाच नीट ओढता आली नाही.”

पत्र्याची भांडी विकणाऱ्या फेरीवाल्यांनी ते पुस्तक तव्या-पातेल्यांबरोबर डोंगरापलीकडच्या वस्त्यांपर्यंत नेलं. तिथून कवितांची बोचकी यायला लागली. उन्हाळ्यात नवराबायको घोडागाडी जुंपून त्या कवींना भेटायला निघत. कुणी दारात उभा राहून वाट बघत असे, कुणी भोपळ्याची पोळी पुढे करी, आणि जेवण होताच खिशातून कागद काढी. असाहेल म्हातारपणापर्यंत एकूण एक कागद वाचत राहिला. वाईट निघाला तर त्याला अधिकच आनंद होई.