आईचा डावा अंगठा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. सिन्नरच्या बाजारात उभी राहून मी भोंदू बाबांविरुद्ध पत्रकं वाटते. 'पुरावा दाखवा' हे माझं ठरलेलं वाक्य... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय.

गेल्या मार्चमध्ये नाशिकच्या एका हॉस्पिटलात आईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. दुसरा मजला, सकाळचे साडेअकरा. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, आई छान आहे, पण ऑपरेशन चालू असताना तिचा डावा अंगठा हलत होता, ते तुला सांगायलाच हवं.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आई जागी होती? पोटात दुर्बीण, तोंडात नळी, ओरडायची सोय नाही — आणि आत सगळं कळतंय?

"मॅडम, हे लेखी द्या. मी सोडणार नाही."

त्या चिडल्या नाहीत. मला बसवून समजावलं. स्नायू सैल करणारं औषध सगळीकडे सारखं चालत नाही. श्वासाचा पडदा चिवट. त्याच्यावरचा अंमल आधी उतरतो. भुवईचंही तसंच. अंगठा सावरतो सगळ्यांत शेवटी. म्हणून मनगटाला पट्ट्या चिकटवून विजेचे चार बारीक झटके देतात आणि अंगठा किती हलतो ते बघतात. आईचा पडदा शांत, भुवई शांत, मेंदूच्या मॉनिटरवर गाढ झोप. आणि अंगठा मात्र तर्जनीवर फिरतोय!

ऑपरेशन थिएटरात मदतीला असलेल्या मावशी सिन्नरच्याच. त्यांनी बघताक्षणी ओळखलं, "मॅडम, या विडी वळत्यात." आईनं तीस वर्षं तेच काम केलंय. सर्जन म्हणे हसून बोलले, माझ्यासाठी एक बाजूला ठेवा.

डॉक्टरबाईंनी मात्र लगेच त्याच हाताला झटके दिले. चारही वेळा अंगठा ढिम्म. झटके थांबले... आणि तो पुन्हा सावकाश फिरायला लागला.

बीपीच्या पट्ट्यानं रक्त अडून औषध त्या हातात पोचलंच नसेल, मी म्हटलं. पट्टा उजव्या हाताला होता.

"त्या स्नायूत हलायची ताकदच नव्हती," त्या म्हणाल्या. "काय झालं ते मला सांगता येणार नाही."

माझा अजून विश्वास बसत नव्हता. खरं काय ते आईलाच माहीत. मावशी तिला भेटलेल्या नाहीत, याची आधी खात्री करून घेतली. संध्याकाळी, अंगठ्याबद्दल चकार शब्द न काढता विचारलं, ऑपरेशन चालू असताना काही कळलं का? दुखलं का?

"नाय गं, काय बी नाय. निजले व्हते." मग म्हणाली, "आक्का आली व्हती."

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. जाऊन सहा वर्षं झाली.

"डावा हात धरून वळाया शिकवत व्हती, लहानपणी शिकवायची तशी. मी म्हनलं, आक्का, बोटात जीव नाय. ती म्हनली, ऱ्हाऊ दे, तू हात सैल सोड. मी वळते."



तक्रार लिहिली नाही. आईला दुखलं नव्हतं, मला तेवढंच हवं होतं.  बाकीचं समजावं म्हणून दोन-तीनदा आईला खोदून विचारलं, तर तीच माझ्यावर वैतागली — "त्यात समजायचं काय हाय? आक्का व्हती ना."