मेहुण्याने पुसलेला तुकडा

मी चौथी शिकलेला माणूस. पहूरजवळ मसणवट्याला लागून माझी केळीची बाग आहे. चाळीस वर्षांत तिथे साप आणि डुकरं सोडून काही दिसलं नाही. भूत, हाका, चाहूल… हे रिकाम्या लोकांचे धंदे, असंच म्हणत आलो. आजही म्हणतो. तरी लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे सांगता येत नाही.

माझी बायको सुमन मागच्या वर्षी जळगावला एका दवाखान्यात वारली. दुपारची वेळ. मी खाली हॉटेलात जेवायला गेलो होतो. वर तिच्याजवळ तिचा भाऊ, दोंडाईचा गावचा, मोबाइल धरून उभा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला तीन दिवस तो तिचे व्हिडिओच काढत होता. एकदा नर्सला म्हणाला, "सिस्टर, मास्क जरा बाजूला करा ना, चेहरा येत नाही." मरायला टेकलेल्या बाईचा चेहरा येत नाही म्हणे.

मी वर आलो तोवर संपलं होतं. विचारलं, "काही बोलली का?"

"नाही दाजी. शांत गेली."

वर्षभर तेवढ्यावरच काढलं. पण विश्वास बसत नव्हता. ती बाई न बोलता जाणारी नव्हती.

वर्षश्राद्धाला मेहुण्याला ते सगळे व्हिडिओचे तुकडे जोडून टीव्हीवर लावायचे होते. लाज नाही. पण तिचा आवाज तरी कानावर पडेल म्हणून मी गप्प बसलो. मुलगी रेखा धुळ्याला असते. तिने लॅपटॉपवर कसलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. फाइली एकाखाली एक लावायच्या, बटण दाबायचं, सगळ्यांची मिळून एक होते. मेहुण्याने पाठवलेले नऊ तुकडे होते.

तिच्याकडेच आम्ही दोघं बघायला बसलो. आठवा तुकडा संपला — सुमन डोळे मिटून पडलेली. मग पडदा काळा झाला, आणि ती बोलली.

"भगवान… जेवना का रे?"

जेवलास का, असं विचारत होती. पुढे नववा. त्यात तोंडावरून चादर ओढलेली.

भगवान माझं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मला ती आमच्या अहिराणीत 'रेखाना बाप', म्हणजे रेखाचा बाप, म्हणायची. देवालासुद्धा कधी भगवान म्हटलं नाही तिने. आरतीत तो शब्द आला की तोंड मिटून घ्यायची.

रेखाने आठवा आणि नववा वेगवेगळे लावले. दोन्हीत ते नाही. "आबा, हे माझ्याकडे आलंच नाही," ती म्हणाली. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, परत जोडलं. परत काळा पडदा, परत तेच.

मेहुण्याला फोन लावून ऐकवलं. मग म्हणे, "देवाला हाक मारली असंन दाजी."

"देवाला 'जेवना का रे' विचारतं का कोणी?"

मग खरं ओकला. "मधी एक तुकडा होता. लगेच पुसला मी. नवऱ्याचं नाव, वरून अरे-तुरे… लोकं हसली असती. मला वाटलं डोकं गेलं तिचं."

"मग मला बोलावलं का नाही?"

"तुम्ही जेवत होते ना."

"कोणाला पाठवला होता तो?"

"कोणालाच नाही. आईची शपथ."

आईची शपथ खाताना त्याच्या तोंडात काहीतरी होतं, चावल्याचा आवाज येत होता. मी फोन ठेवला. वर्षश्राद्धाला टीव्ही लावू दिला नाही.

जो तुकडा त्याच्या फोनातून बाहेरच पडला नाही, तो धुळ्याच्या लॅपटॉपात कसा आला? रेखाने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, असं होत नाही. मलाही काही समजलेलं नाही, पुढे समजेल असंही वाटत नाही. माहीत एवढंच, की ती विचारत होती तेव्हा मी खाली शेवभाजी खात होतो, आणि गरम रस्सा पुन्हा मागून घेतला होता.