स्तंभापुढचा फोटो

आमच्या घरात चमत्काराला थारा नाही. मी नागपूरची, दीक्षाभूमीजवळ वाढलेली. कुणी ‘बुद्धानं तारलं’ म्हटलं की मीच आधी चेष्टा करायची. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय.

आम्ही आता अमेरिकेत राहतो. माझा मुलगा अ‍ॅशबर्नच्या शाळेतून थेट अमेरिकन सैन्यात गेला, तेव्हा आम्हाला अभिमानच वाटला. वर्षभरातच त्याचा फोन आला. माणसाच्या आकाराच्या पाट्यांवर गोळ्या झाडून आल्यावर अन्न पोटात टिकत नाही, हत्या न करण्याचं पहिलं शील मोडून जगणं जमणार नाही, म्हणाला. मन मान्य करत नसेल तर सैन्यातून सुटका मागायची सोय इथे आहे. पण आपल्याला कुठलंच युद्ध मान्य नाही आणि हे श्रद्धेतून आलंय, हे चौकशी अधिकाऱ्याला पटवावं लागतं. नाही पटलं तर तुकडीबरोबर जायचं, आणि तुकडी युद्धावर निघायच्या बेतात होती. माझी झोप उडाली.

आई म्हणून मी साक्षीला गेले. घर किती पक्कं बौद्ध आहे हे दाखवायला भिंतीवरचा फोटो फ्रेमसकट नेला. कोरेगावचा स्तंभ, पुढे आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, हात जोडलेले. अधिकाऱ्यानं विचारलं, “हे कसलं स्मारक?” मी तोऱ्यात सांगून टाकलं, “आमच्या सैनिकांचं. लढाई जिंकले होते ते.”

“म्हणजे युद्ध तुम्हाला पूज्य आहे तर,” तो शांतपणे म्हणाला. मुलगा पुटपुटला, “आई, व्हाय डिड यू ब्रिंग दॅट?” ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी मी, पण त्या स्तंभाचा अर्थ सांगायला एक शब्द सुचेना. सगळं माझ्यामुळेच बुडालं होतं. डोळे मिटून मनात त्रिशरण म्हणत राहिले.

तेव्हा मागे साक्षीला बसलेला, मुलाच्या तुकडीतला सार्जंट बोलला. तो आडदांड कृष्णवर्णीय माणूस माझ्या मुलाला सगळ्यांदेखत भित्रा म्हणाला होता, त्यामुळे मला त्याची धास्तीच होती.

“सर, आमच्याकडेही असा फोटो आहे. माझे पणजोबा या देशासाठी लढले आणि परत आल्यावर त्यांना हॉटेलच्या मागच्या दारानं जेवण घ्यावं लागलं. आम्ही दरवर्षी त्यांच्या थडग्यापाशी उभे राहतो. युद्धासाठी नाही, सर. ते माणूस होते, एवढंच सांगायला.” मग मुलाकडे न बघता म्हणाला, “याचं म्हणणं मला पटत नाही. पण पोरगा खोटं बोलत नाही.”

मी त्या माणसाशी कधी एक अक्षर बोलले नव्हते. माझ्या तोंडून न निघालेलं त्याच्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळत नाही. कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही.

अर्ज मंजूर झाला. मुलगा घरी आला, पण फार बोलत नाही. तुकडी गेली, तिच्याबरोबर सार्जंटही गेला. त्याची काही खबर नाही. रोज वंदनेनंतर मी कृतज्ञतेनं त्याच्या मंगलाची कामना करते. मुलाला वाचवणं माझ्या हातात नव्हतं, हे त्या खोलीत मी मान्य केलं. ज्यानं त्याला वाचवलं, त्याला वाचवणंही माझ्या हातात नाही, हे मात्र रोज नव्यानं मान्य करावं लागतं.