हरणाऱ्यानं टेबल भरायचं

ट्रॅव्हल्सची गाडी सुटायला वेळ होता आणि बाबा खिडकीखाली उभे होते. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात ते रात्रीपर्यंत गिऱ्हाइकं करायचे, त्या संध्याकाळी लवकर सुटून आले होते. हातात पिशवी, पिशवीत नवी काळी पँट. स्पर्धेत जीन्स चालत नाही, असं मी एकदाच घरात बोललो होतो. त्यांनी दुकानातून कापड आणून ती गुपचूप शिवून घेतली होती. आई म्हणाली, "हरलास तर हरलास. उपाशी राहू नको." तेवढ्यात रऊफभाई, ज्यांच्या टेबलावर मी खेळायला शिकलो ते, खिडकीपाशी आले. "मियाँ, उधर जा के टेबल देखना, टेबल. सामनेवाले आदमी को मत देखना."

मी पूलच्या, म्हणजे टेबलावरचे बॉल स्टिकनं भोकात घालायच्या खेळाच्या, स्पर्धेसाठी बंगळूरला निघालो होतो, चार-पाच दिवसांसाठी. त्याला आता बरीच वर्षं झाली. जे गावातच राहिले आणि जे माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन पडले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. चार दिवसांचा पाहुणा बंगळूरचाच कसा झाला, ते मला कुणाला नीट सांगताच आलेलं नाही.

रऊफभाईंचं पूल पार्लर उस्मानपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर. दोन टेबलं, एक कूलर, आणि स्टिकच्या टोकाला घासायचा खडू टेबलाला सुतळीनं बांधलेला, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडं कामाला लागलो. काम संपलं की जिना चढून वर. आपल्याकडचा कायदा साधा होता. हरणाऱ्यानं टेबलाचं भाडं भरायचं. जिंकणारा टेबलावर तसाच उभा, पुढचा गडी येणार. मी फारसा हरायचो नाही, म्हणून माझा पैसा फारसा लागायचा नाही. बाबांनी या एकाच गोष्टीवर मला खेळू दिलं. म्हणायचे, "फुकट हाय तोवर खेळ. ज्या दिवशी घरातून पैसा लागंल, त्या दिवशी बंद."

त्यामुळं बंगळूरचा खर्च मी एका छोट्या स्पर्धेच्या बक्षिसातून काढला होता. प्रवेश फी, खोली, जेवण, परतीचं तिकीट. सरावाचे पैसे धरलेच नव्हते. सरावाला पैसे लागतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगला खेळणारा टेबलाचे पैसे देतो, असं मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी स्पर्धेच्या क्लबात शिरलो आणि उभा राहिलो तो तसाच. गार हवा, हॉस्पिटलसारखी शांतता, दूरवर रांगेत लावलेली टेबलं. कार्तिक नावाच्या पोरानं विचारलं, खेळणार का. त्याच्याकडं स्वतःच्या तीन स्टिक होत्या. एक खेळायची, एक पहिला फटका मारून बॉल फोडायची, एक मधला बॉल ओलांडून उडी मारायची. मी भिंतीवरची क्लबची एक उचलली आणि दुपारभर त्याला हरवलं. मग बॅग खांद्याला लावली, "अच्छा भाई, चलता हूँ" म्हणालो आणि दाराकडं निघालो.

काउंटरवरची मुलगी मागून ओरडली, "सर, टेबल का आपका आधा बिल बाकी है!"

"मेरा? मैं तो जीता हूँ."

तिनं बिल माझ्यापुढं सरकवलं. कार्तिक आधी हसला, मग मी खरंच विचारतोय हे कळल्यावर थांबला. "ब्रो, तुम जीते तो क्या क्लब तुमको फ्री में खिलाएगा?"

बिल बघून जेवणासाठी ठेवलेल्या नोटा काढल्या. तेवढ्या पैशांत उस्मानपुऱ्यात महिनाभर खेळून झालं असतं. त्या संध्याकाळी मला एकेक गोष्ट कळत गेली आणि मी हादरत गेलो. तिथल्या टेबलाचं कापड आपल्यापेक्षा इतकं वेगानं पळतं, की सरावाशिवाय बॉल कुठं थांबेल याचा भरवसा नाही. स्टिकचं टोक बसवून देणारा वेगळा माणूस, त्याचे वेगळे पैसे. कार्तिकचा खडूचा एक तुकडा होता, त्याची किंमत मी दोनदा विचारली. फोनवर बाबांना ती सांगितली, तर त्यांनी ती माझ्याकडून पुन्हा वदवून घेतली. मग म्हणाले, "एवढ्यात दोन चांगले शर्टपीस येतात रे. अन् तो घासूनच टाकायचा?"

पहिलाच सामना मी हरलो. बॅग भरत होतो तर कळलं, की पुन्हा फी भरली तर पुन्हा उतरता येतं. कार्तिकही पहिल्यांदा हरला होता. त्यानं मोबाइल काढला, पैसे भरले आणि कॉफी प्यायला गेला. मी बॅग तशीच उघडी ठेवून बघत होतो. पैसेवाल्याला दोनदा हरता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझ्याकडं तेवढेच पैसे होते, परतीच्या तिकिटाचे.

मी ते भरले. नवी काळी पँट घामानं पायाला चिकटली होती. पण त्या दिवशी बॉल माझं ऐकत गेले आणि मी शेवटच्या आठांत पोचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बक्षिसाचं पाकीट उघडलं, तर खोलीचं भाडं चुकतं करून गावी जाण्याइतकेही पैसे त्यात नव्हते. देशभरातल्या खेळाडूंत आठांत येऊन मी अडकून पडलो होतो! घरी मागायची सोय नव्हती. मागितले असते तर बाबांनी पाठवले असते, आणि माझा खेळ त्याच दिवशी संपला असता. क्लबच्या मॅनेजरांनी विचारलं, काउंटरवर बसशील का? दुपारनंतर काम, सकाळी टेबल मोकळं असतं, तेव्हा खेळ. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण मी इथं राहायला आलो नव्हतो. राहिलो.

काही दिवसांनी रऊफभाईंचा फोन आला. मी फुशारकीत सांगत होतो, इथं हरणारासुद्धा हसत पैसे भरतो, आपल्या जाधवकाकांसारखा नाही. जाधवकाका रिक्षा चालवायचे. रोज संध्याकाळी रिक्षा खाली लावून वर यायचे, माझ्याशी खेळायचे, हरायचे, कुरकुरत पैसे द्यायचे. आम्ही पोरं त्यांच्या नेमावर हसायचो.

रऊफभाई म्हणाले, "जाधव को खेल का शौक कब था रे? उसको आज तक मालूम नहीं कि कौन सा बॉल पहले मारना. तेरे को टेबल मिले, इसलिए आता था. तू गया तबसे जीना नहीं चढ़ा वो."

पहिलं सुचलं ते मी वेडंवाकडंच विचारलं. "मग मी जिंकत होतो, ते...?"

"जीतता तू ही था, पागल. पर जीतने के लिए भी सामने कोई लगता है ना."

बिल बघून बसला नव्हता तेवढा धक्का त्या फोननं बसला. मी फुकट कधीच खेळलो नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी रोज भरत होतं आणि मला ते माझ्या खेळाचं कौतुक वाटत होतं.

पुढं तीन-चार शहरांत खेळलो. प्रत्येक वेळी प्रवास, लॉज, फी, आणि बक्षीस मिळालं तरी हात रिकामाच. मागच्या दिवाळीत ठरवून घरी गेलो, की आता बस झालं. काउंटरची नोकरी चांगली आहे, आईबाबांना पैसे पाठवता येतात. रऊफभाईंना तोंडावर सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

माडीवर गेलो तर त्यांनी कुणाला तरी पाठवून जाधवकाकांना बोलावलं. काका गुडघे धरत जिना चढले. "आला का चँपियन? लाव बॉल." त्यांनी पहिल्याच फटक्याला पांढरा बॉल, जो कधीच आत जायला नको असतो तोच, भोकात घातला आणि मलाच दरडावलं, "दात काढू नको." डाव लवकरच संपला. मी काउंटरपाशी जाऊन घाईघाईनं पैसे काढले.

"ए! हात काढ खिशातून. पाव्हणा हाईस का?"

"काका, मी कमावतो आता."

"कमाव की. कोण नाय म्हणतंय? हरून दाखव, मग भर." त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढून रऊफभाईंसमोर ठेवल्या. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "फुडची स्पर्धा कवा हाय?"

जे सांगायला आलो होतो ते तसंच ठेवून मी नोटा परत खिशात घातल्या. "मार्चमधी," मी म्हणालो. "मुंबईत."

"बरं. जिंकशील का नाय ते सोड. जाशील ना?"

मुंबईची फी मी परवा भरली. इथं बंगळूरला कुणी गाव विचारलं तर संभाजीनगर सांगतो, नाही कळलं तर औरंगाबाद, तरी नाही कळलं तर वेरूळ-अजिंठा. घर कुठं, असं मात्र कुणी विचारत नाही, आणि ते बरंच आहे. एवढंच सांगता येईल, की या शहरात मी श्वास सोडला तर बाकी सगळ्याचे पैसे देतो आणि कुणाचंही देणं लागत नाही. तिथं उस्मानपुऱ्यात मात्र माझा पैसा अजून कुणी घेत नाही.