डोंगरसिंग रायफल पाहायला आले

दिग्रसला कोणाला हौसेची बंदूक घ्यायची असली, की पहिला फोन दुकानदाराला जात नाही, डोंगरसिंग राठोडांना जातो. फौजेत बावीस वर्षं त्यांनी हत्यारं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर ते गावाकडच्या तांड्यावर राहायला आले, तूर-कपाशीत रमले. पण कुठे रायफल बघायची म्हटली, की शेतातली डवरणी अर्धी टाकून निघणारा माणूस! त्याचे पैसे कधी घेत नाहीत. चहा मात्र दोनदा लागतो, आधी एक आणि नंतर एक.

मागच्या वर्षी असाच फोन ममता मनवर हिचा आला. ममता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. जिनिंगवाल्या बबनरावांनी आपल्या रिकाम्या गोदामात दहा मीटरवर निशाण्याचे कागद लावून हौशी लोकांसाठी जागा केली होती. ममता तिथे उसन्या एअर रायफलवर वर्षभर हात बसवत होती. आता तिला स्वतःची हवी होती, आणि बबनराव त्यांची विदेशी रायफल अगदी भाव पाडून विकायला निघाले होते.

"काका, एवढी भारी वस्तू इतक्या स्वस्तात कशी देऊन राह्यले ते? मले शंका येते. तुम्ही एकदा पाहून द्या."

रविवारी सकाळी डोंगरसिंग गोदामात हजर. बबनराव आधीच वैतागलेले.

"न्या हो ही पनवती! सहा महिने झाले, कागदाच्या मधात एक छर्रा लागन तर शपथ. नळीच वाकडी दिसते."

डोंगरसिंगांनी खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या चकाकीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली. छर्रा भरताना दुमडतात तशी नळी सांध्यात दुमडून पुन्हा बंद केली, सांधा हलतो का ते बोटांनी चाचपलं. नळीचं तोंड कापडाने पुसून उजेडात धरलं, कुठे ठेच लागलीय का बघायला. दुर्बिणीचा एक स्क्रू सैल निघाला, तो कसला. मग वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून शांतपणे पाच छर्रे मारले.

कागद आणला. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जातील एवढी जवळ.

"नळी सरळ आहे," ते म्हणाले.

"म्हंजे तो सैल स्क्रू..."

"थोडा त्याचा दोष. पण सहा महिन्यांचा नाई." त्यांनी बबनरावांना उभं केलं. "दोन्ही हात समोर धरा. पंज्यांच्या मधात भोक करा अन् त्यातून भिंतीवरची घड्याळ पाहा. आता डावा डोळा मिटा."

"अबे, घड्याळ गेली!"

"उजवा मिटा."

"आली!"

"तुमचा नेमाचा डोळा डावा आहे बबनराव, अन् तुम्ही रायफल धरता उजव्या खांद्याले. तिच्यात काही वाकडं नाई."

बबनरावांनी रायफल डाव्या खांद्याला लावली. अवघडल्यासारखं झालं, पण तिसरा छर्रा काळ्या गोलात गेला. चौथाही. बबनराव लहान पोरासारखे ओरडले, "ममताबाई, मी काही रायफल विकत नाई!"

झालं! खरं बोलून डोंगरसिंगांनी ममताचाच सौदा मोडला होता. त्यांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "माफ कर बेटी. माह्या तोंडानं तुह्यं नुकसान झालं."

"असं कसं काका? खोटं सांगतलं असतं तर मी तुम्हाले बोलावलं कायले असतं?"

तेवढ्यात त्यांना आठवलं, सकाळी बबनरावांची रायफल खांद्याला लावून पाहताना ममताची मान फार पुढे ताणली जात होती. दस्ता तिला लांबच पडत होता! हे आधीच का सुचलं नाही, म्हणून ते स्वतःवरच हसले.

"चाल, यवतमाळले जाऊ. ती तशीही तुह्या मापाची नव्हती."

दोघं एसटीने यवतमाळला गेले. दुकानदाराने सगळ्यात ताकदवान रायफल पुढे केली. "हिचा धक्का पाहा, मॅडम!"

"कागदाले कायचा धक्का पाहिजे?" डोंगरसिंग म्हणाले. "हलकी दाखवा. दस्ता आखूड अन् घोडा मऊ दबला पाहिजे."

चार रायफली झाल्या. प्रत्येक वेळी ते ममताला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगत, मग उघडायला. पाचवी लावून तिने डोळे उघडले तर नेम आपोआप समोर आलेला. देशी, साधी, काळ्या दस्त्याची. तीच घेतली. शिवाय दोन जातींचे छर्रे घेतले, कोणता तिला मानवतो ते बघायला.

दिवाळीनंतर गोदामात छोटी स्पर्धा झाली. ममता दुसरी आली. बबनराव शेवटून तिसरे आले, तरी पेढे त्यांनीच वाटले. डोंगरसिंगांच्या हातात चार पेढे कोंबत ते म्हणाले, "भाऊ, आता माह्या साळ्याले बारा बोअरची बंदूक घ्यायची आहे. लायसन आहे त्याच्यापाशी. येता का पाहायले?"

डोंगरसिंगांनी पेढा तोंडात टाकला. "साळा केवढा उंच आहे, ते सांगा पह्यले."